काला आजाराची औषधे : उसनवारीचा शतकभराचा इतिहास

१९७५ ते १९९९ या पंचवीस वर्षांत जगाच्या बाजारात १,३९३ नवी औषधी रसायने आली आणि त्यांपैकी उष्णकटिबंधातील रोग व क्षयरोग यांच्यासाठी मिळून जेमतेम १६ होती, ही गणना २००२ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा तिची पुष्कळ चर्चा झाली. तिचे जे स्पष्टीकरण सहसा दिले जाते ते असे की परजीवींचे जीवशास्त्र गुंतागुंतीचे असते, ते माणसाच्या पेशींच्या आडोशाला राहतात आणि म्हणून त्यांच्यावर औषध शोधणे अवघड जाते. यात तथ्य आहे; परंतु बंगाल, आसाम आणि बिहार या प्रदेशांत दोन शतके ठाण मांडून बसलेल्या काला आजाराचा इतिहास पाहिला तर असे दिसते की औषधाचे रेणू बहुतेक वेळा कोठे ना कोठे तयारच होते, आणि त्यांना रुग्णापर्यंत आणण्याचा खर्च कोणी सोसायचा या प्रश्नापाशी काम अडत होते.

काला आजार हा लिशमेनिया डोनोव्हनी नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. सँडफ्लाय म्हणजे वाळूमाशी या डासाहूनही लहान कीटकाच्या मादीच्या दंशातून तो शरीरात शिरतो आणि ज्या भक्षक पेशींनी त्याला गिळून नष्ट करायचे त्यांच्याच पोटात वाढू लागतो. महिनोन्‌महिने रेंगाळणारा ताप, बोलीत जिला पानथरी म्हणतात त्या प्लीहेची बेसुमार वाढ, रक्तक्षय, कातडीवर येणारी काळसर छटा आणि शेवटी एखाद्या साध्या संसर्गाने मृत्यू असा त्याचा क्रम असतो. उपचार न झाल्यास शंभरातील नव्वदांहून अधिक रोगी दगावतात. महाराष्ट्रात हा रोग रुजला नाही, येथे वाळूमाशीचे नाव ऐकू येते ते १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावी सापडलेल्या विषाणूमुळे. मात्र गंगेच्या आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत काला आजाराने गावेच्या गावे ओस पाडली. जेसोर भागात १८२४ च्या सुमारास आलेल्या तापाच्या साथीत आणि पुढे बर्दवानच्या तापात त्याचा मोठा वाटा असावा असे मानले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो गारो टेकड्यांच्या पायथ्याने आसामात शिरला आणि ब्रह्मपुत्रेच्या काठाने वर सरकत गेला. १८९१ आणि १९०१ या दोन जनगणनांच्या दरम्यान नौगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे एक चतुर्थांशाने घटली.

या काळात रोगाचे कारण शोधण्यासाठी सरकारने एकामागून एक अधिकारी आसामात धाडले. जाइल्स यांनी दोष आकडेकृमींना दिला, लिओनार्ड रॉजर्स यांनी हा हिवतापाचाच तीव्र प्रकार ठरवला आणि हिवतापाचा वाहक डास शोधून काढलेल्या रोनाल्ड रॉस यांचाही कल हिवतापाकडेच राहिला. निदानच चुकीचे असल्यामुळे उपचारही क्विनाइनचा होत होता आणि त्याचा गुण येत नव्हता. १९०३ मध्ये कोंडी फुटली. कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीत राहून गेलेला एक सैनिक इंग्लंडमध्ये नेटली येथील लष्करी रुग्णालयात मरण पावला होता. त्याच्या प्लीहेत विल्यम लिशमन यांना दिसलेले अंडाकृती कण आणि मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांना जिवंत रुग्णाच्या प्लीहेतून काढलेल्या रक्तात दिसलेले कण एकच असल्याचे स्पष्ट झाले, आणि रॉस यांनी दोघांचीही नावे जोडून परजीवीचे बारसे केले. शत्रू सापडला, परंतु त्याच्यावर चालेल असे शस्त्र कोणाजवळही नव्हते.

शस्त्र आले ते ब्राझीलमधून. डोळ्यांत घालण्याच्या सुरम्याच्या खनिजातून मिळणारे अँटिमनी हे मूलद्रव्य वांती करवणाऱ्या क्षाराच्या रूपात युरोपीय वैद्यकात जुनेच होते. गास्पार व्हियाना यांनी १९१२ मध्ये हा क्षार, ज्याला टार्टार एमेटिक म्हणतात, त्वचेच्या लिशमेनिया रोगावर शिरेतून देऊन पाहिला आणि जखमा भरल्या. १९१५ मध्ये सिसिलीत दि क्रिस्तिना व कारोनिया यांनी आणि कलकत्त्यात रॉजर्स यांनी तो काला आजारावर वापरला. मृत्यूंचे प्रमाण घटले, पण उपचार दोन-तीन महिने चालत असे, प्रत्येक सुईनंतर खोकल्याची उबळ आणि ओकारी येई, हृदयावर परिणाम होई आणि अनेक रोगी बरे होण्याआधीच दवाखाना सोडून जात. या क्षारातील अँटिमनी त्रिसंयुजी असते, म्हणजे तिचा अणू तीन बंध जोडतो, आणि हे रूप परजीवीइतकेच रोग्यालाही घातक असते.

उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी हा प्रश्न हाती घेतला तेव्हा ते कलकत्त्यात सियालदहच्या कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्ये वैद्यकशास्त्राचे अध्यापक होते. गणित आणि रसायनशास्त्र शिकून वैद्यकाकडे वळलेल्या या माणसाच्या नावावर एम. डी. आणि पीएच. डी. या दोन्ही पदव्या होत्या. परंतु इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना जी प्रयोगशाळा, मदतनीस आणि प्रतिष्ठा सहज मिळत असे ती त्यांच्या वाट्याला आली नाही. त्यांच्या कामाची खोली लहान होती, तिच्यात विजेची, गॅसची किंवा नळाच्या पाण्याची सोय नव्हती आणि रात्रीचे काम कंदिलाच्या उजेडात चाले. १९१९ च्या सुमारास इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या संस्थेकडून, जिचे रूपांतर स्वातंत्र्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेत झाले, त्यांना अनुदान मिळाले आणि काम वेगाने पुढे सरकले.

त्यांच्या विचाराची दिशा रसायनशास्त्रातील एका नात्यावर आधारलेली होती. आवर्तसारणीत आर्सेनिक आणि अँटिमनी एकाच उभ्या रांगेत, एकाखाली एक येतात. पाउल एर्लिख यांनी आर्सेनिकला कार्बनी रेणूच्या कोंदणात बसवून उपदंशावरील औषध तयार केले होते. त्याच धर्तीवर आर्सेनिकच्या जागी अँटिमनी घालून संयुगे बनवण्याचे प्रयत्न जर्मनीत उलेनहुट आणि त्यांचे सहकारी करीत होते. अशा संयुगांत अँटिमनी पंचसंयुजी असते आणि रोगी तिचा बराच मोठा डोस सहन करू शकतो. ब्रह्मचारींनी धातुरूप अँटिमनीचे सूक्ष्म कण, टार्टार एमेटिकमधील पोटॅशियमच्या जागी सोडियम घालून केलेला क्षार अशा पायऱ्या चढत अखेर या गटातील एका आम्लाचा युरियाशी संयोग घडवला आणि १९२० मध्ये हाती आलेल्या या पदार्थाला युरिया स्टिबामाइन असे नाव दिले. १९२२ मध्ये त्यांनी आठ रोग्यांवरील अनुभव इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये मांडला. आठ ही संख्या आजच्या मापाने हसण्यावारी नेण्याजोगी वाटेल, परंतु ज्या रोगात मरण जवळजवळ ठरलेले होते त्यात आठ जण काही आठवड्यांत सुधारले, हा पुरावा त्या काळी पुरेसा बोलका होता.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, आणि आजच्या दृष्टीने ती औषधाइतकीच मोलाची आहे. काला आजारातून बरे झालेल्या काही माणसांच्या कातडीवर काही काळाने फिकट चट्टे आणि गाठी उठतात व त्यांत परजीवी जिवंत असतात, असे त्यांना आढळले. या अवस्थेत माणसाला ताप नसतो, तो हिंडता-फिरता असतो, दवाखान्याकडे फिरकत नाही, आणि त्याला चावलेली वाळूमाशी रोग पुढे नेते. भारतातील काला आजार जनावरांतून येत नाही, माणसाकडून माणसाकडेच जातो. त्यामुळे एक साथ ओसरल्यानंतर दुसरी येईपर्यंत परजीवी कोठे दडून राहतो या प्रश्नाचे उत्तर या निरीक्षणात होते. पुढची कित्येक दशके ते ग्रंथांतच राहिले.

शिलाँगच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२३ पासून युरिया स्टिबामाइनच्या चाचण्या घेतल्या, आणि आसाम सरकारने गावोगावच्या दवाखान्यांतून ते मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात केली. दहा वर्षांत तेथील साथ आटोक्यात आली. नव्वदांच्या वर असणारे मृत्यूंचे प्रमाण उपचार घेतलेल्यांत दहाच्या आसपास उतरले. ब्रह्मचारींचे नाव १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकासाठी सुचवले गेले, पण पारितोषिक मिळाले नाही. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. औषधावर आक्षेपही आले. युरिया स्टिबामाइन हे एकच शुद्ध संयुग नसून अनेक पदार्थांचे मिश्रण आहे आणि त्याच्या घाण्याघाण्यांत फरक पडतो, असे रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, आणि कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये नेपियर जर्मन बनावटीच्या स्टिबोसान व निओस्टिबोसान या औषधांची तुलना करीत राहिले. आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या खरे होते. त्यामागे देशी संशोधकाविषयीची अढी मुळीच नव्हती असे म्हणणेही धाडसाचे ठरेल.

या काळाकडे पाहताना एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. काला आजारावर तेव्हा संशोधन झाले, जर्मन कंपन्यांनीही त्यात भाग घेतला, कारण आसामच्या चहाच्या मळ्यांना मजूर हवे होते, लष्कराला सैनिक हवे होते आणि औषधाचा खर्च उचलायला सरकार व मळेवाले तयार होते. रुग्ण दरिद्री होता, पण त्याच्या श्रमावर चालणारा व्यवहार श्रीमंत होता. त्या व्यवहारात करुणेचा भाग किती होता हे सांगणे कठीण आहे. औषधे मात्र त्यातून तयार झाली. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीत सोडियम स्टिबोग्लुकोनेट तयार झाले, जे साठवायला सोपे व अधिक भरवशाचे होते, आणि त्याने हळूहळू युरिया स्टिबामाइनची जागा घेतली. १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी स्वयंसेवकांना वाळूमाश्या चाववून रोगाचा प्रसार निर्विवाद सिद्ध केला. त्यानंतर स्वतंत्र भारताने हिवतापाविरुद्ध घरोघरी डीडीटी फवारले, त्यात वाळूमाशीही मेली, आणि १९६० च्या दशकात काला आजार इतका विरळ झाला की नवे औषध शोधण्याचे कारण कोणालाच उरले नाही.

फवारणी थांबली आणि रोग परतला. १९७७ च्या सुमारास उत्तर बिहारमधील मुझफ्फरपूर, वैशाली, समस्तीपूर, सीतामढी या जिल्ह्यांत मोठी साथ उसळली. तिचे बळी बहुतांश मुसहर आणि इतर भूमिहीन जातींतले होते, ज्यांची मातीच्या भिंतींची घरे गुरांच्या गोठ्याला लागून असत. भेगांमधील ओलावा व शेणामुतात मिसळलेली माती ही वाळूमाशीच्या पैदाशीला अनुकूल जागा. या वेळी रुग्ण पूर्वीइतकाच दरिद्री होता आणि त्याच्या श्रमावर कोणाचा चहा अवलंबून नव्हता. हाताशी औषध होते ते चाळीस वर्षांपूर्वीचेच स्टिबोग्लुकोनेट. ते कमी पडू लागले तसा डोस वाढवत नेण्यात आला आणि वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम, तेही महिनाभर, इथवर तो पोहोचला. तरी १९९० च्या दशकात मुझफ्फरपूर भागात ज्यांना पूर्ण उपचार मिळाले अशा रोग्यांतही जवळपास एक तृतीयांशच बरे होऊ लागले, तर शेजारच्या उत्तर प्रदेशात तेच औषध बहुतेकांना लागू पडत होते.

या प्रतिरोधाची कारणमीमांसा शिकवण देणारी आहे. गावातले अप्रशिक्षित डॉक्टर परवडेल तेवढ्याच सुया टोचत, रोगी जरा बरे वाटताच उपचार सोडत, आणि अर्धवट डोसातून वाचलेले परजीवी पुढच्या माणसात जात. हे कारण सर्वमान्य आहे. स्कॉटलंडमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दुसरी शक्यता मांडली. बिहारमधील कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक असते, आणि असे पाणी पाजलेल्या उंदरांत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले परजीवी अँटिमनीलाही दाद देईनासे झाले. आर्सेनिक व अँटिमनी यांच्या ज्या नात्यावरून औषध घडले, त्याच नात्यामुळे ते निकामी झाले असावे असा याचा अर्थ होतो. बिहारमध्ये नेमके हेच घडले याचा निर्णायक पुरावा मिळालेला नाही, परंतु कल्पना तर्काला धरून आहे.

यानंतरची सर्व औषधे दुसऱ्या कोणासाठी तरी तयार झाली होती. अँफोटेरिसिन बी हे व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या जीवाणूपासून १९५० च्या दशकात मिळालेले बुरशीविरोधी औषध. परजीवीच्या आवरणात बुरशीसारखाच एक स्निग्ध घटक असतो आणि हे औषध त्याला चिकटून आवरणाला भोके पाडते, म्हणून ते उपयोगी पडले. पण ते दिवसाआड पंधरा वेळा सलाइनमधून द्यावे लागे, अंगात हुडहुडी भरे, मूत्रपिंडांना इजा होई, आणि महिनाभर रुग्णालयात राहायचे म्हणजे मजुरी बुडून कर्ज वाढायचे. पाटण्याचे डॉ. सी. पी. ठाकूर, जे पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झाले, आणि मुझफ्फरपूरमध्ये संशोधन केंद्र चालवणारे बनारस हिंदू विद्यापीठाचे डॉ. श्याम सुंदर यांनी या काळात अनेक औषधांच्या चाचण्या घेतल्या; औषध बाहेरून आले तरी ते काला आजाराला लागू करण्याची विद्या बिहारमध्येच घडली, याचे श्रेय त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना द्यावे लागेल.

मिल्टेफोसिन हे जर्मनीत कर्करोगासाठी शोधलेले रसायन. १९८७ मध्ये क्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लंडनमध्ये ते लिशमेनियालाही मारते असे आढळले, पण पुढे सरकायला दशक लोटले. जागतिक आरोग्य संघटनेचा उष्णकटिबंधीय रोगांवरील संशोधन कार्यक्रम, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि मूळ जर्मन कंपनी यांनी हात मिळवल्यावर चाचण्या झाल्या. २९९ रोग्यांच्या निर्णायक चाचणीत ९४ टक्के बरे झाले आणि मार्च २००२ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. काला आजारावरील हे तोंडाने घेण्याचे पहिले औषध. २८ दिवस कॅप्सूल घेता येतात ही मोठीच सोय होती, पण गर्भाला अपाय होत असल्याने स्त्रियांना गर्भनिरोधन सक्तीचे झाले, आणि शरीरात ते आठवडेच्या आठवडे रेंगाळत असल्यामुळे प्रतिरोधाची भीती राहिली. दशकभरात रोग उलटण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसलेही. या औषधाची पुढची कथा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य वाचावी. अमेरिकेत दुर्लक्षित रोगावरील औषधाला मान्यता मिळवणाऱ्या कंपनीला बक्षीस म्हणून एक हक्कपत्र मिळते, ज्यायोगे दुसऱ्या कोणत्याही औषधाची तपासणी लवकर होते आणि जे विकताही येते. भारतात बारा वर्षे वापरात असलेल्या मिल्टेफोसिनला २०१४ मध्ये तेथे मान्यता मिळाली आणि नाइट थेरप्युटिक्स या कॅनडातील कंपनीने ते हक्कपत्र गिलियड कंपनीला साडेबारा कोटी डॉलरला विकले. ज्यांच्यावर चाचण्या झाल्या त्या बिहारी रोग्यांसाठी औषध स्वस्त करण्याचे बंधन त्या कायद्यात नव्हते.

पॅरोमोमायसिनचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. जंतुसंसर्गासाठी शोधलेले हे जुने प्रतिजैविक व्यापारीदृष्ट्या कोपऱ्यात पडले होते. व्हिक्टोरिया हेल यांनी सॅन फ्रान्सिस्कोत २००० मध्ये स्थापन केलेल्या वनवर्ल्ड हेल्थ या ना-नफा औषधसंस्थेने ते उचलले, गेट्स फाउंडेशनच्या पैशातून बिहारमध्ये ६६७ रोग्यांवर चाचणी घेतली, ९४.६ टक्के गुण दाखवला आणि २००६ मध्ये भारतात मान्यता मिळवली. उत्पादन हैदराबादच्या ग्लँड फार्माने केले. एकवीस दिवसांच्या सुयांचा हा उपचार अत्यंत स्वस्त होता. तरीही सरकारी कार्यक्रमात त्याला मुख्य स्थान मिळाले नाही, कारण तोवर दुसरा पर्याय समोर आला होता.

तो पर्याय म्हणजे अँफोटेरिसिनच होते, मात्र चरबीच्या अतिसूक्ष्म गोलकांत बंद केलेले. हे गोलक भक्षक पेशी आपणहून गिळतात, त्यामुळे औषध परजीवीच्या घरात थेट पोहोचते आणि मूत्रपिंडे बरीचशी वाचतात. श्रीमंत देशांत कर्करोगाच्या व एड्सच्या रोग्यांना होणाऱ्या बुरशीसंसर्गासाठी विकल्या जाणाऱ्या या औषधाची किंमत बिहारमध्ये कल्पनेपलीकडची होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये उत्पादक गिलियडशी बोलणी करून ५० मिलिग्रॅमची कुपी २० डॉलरला मिळवली. मेदसां सां फ्रोंतिए या वैद्यकीय संघटनेने वैशाली जिल्ह्यातील हाजीपूरमध्ये ते मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवले. २०१० मध्ये श्याम सुंदर यांच्या चाचणीत दर किलोमागे १० मिलिग्रॅमची एकच मात्रा घेतलेल्यांपैकी ९५.७ टक्के बरे झाले, जुन्या पंधरा सलाइनच्या उपचारात ९६.३ टक्के. महिन्याचे काम एका दिवसावर आले. तरी ३५ किलो वजनाच्या माणसाला सात कुप्या, म्हणजे सवलतीतही १४० डॉलर लागत. अखेर गिलियडने जागतिक आरोग्य संघटनेमार्फत हे औषध दान करण्याचा करार केला आणि २०१४ पासून एकमात्रा उपचार भारताचे अधिकृत धोरण झाला.

भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांनी २००५ मध्ये दर दहा हजार लोकसंख्येत वर्षाला एकाहून कमी रोगी हे निर्मूलनाचे माप ठरवून २०१५ ची मुदत घातली होती. ती भारतात वारंवार पुढे ढकलली गेली. बांगलादेशाला ऑक्टोबर २०२३ मध्ये निर्मूलनाचे प्रमाणपत्र मिळाले, असे प्रमाणपत्र मिळवणारा तो पहिला देश. भारतात २००७ मध्ये ४४ हजारांवर असलेली वार्षिक रुग्णसंख्या २०२३ पर्यंत हजाराच्या खाली आली आणि बाधित विकासगटांनी (ब्लॉक) ठरलेले माप गाठले. या यशात औषधाइतकाच वाटा बोटाच्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत होणाऱ्या चाचणीचा, फवारणीचा आणि दारोदार ताप विचारत हिंडणाऱ्या आशा कार्यकर्त्यांचा आहे. ब्रह्मचारींनी १९२२ मध्ये वर्णिलेल्या कातडीच्या अवस्थेवर मात्र अजूनही बारा आठवडे मिल्टेफोसिन घ्यावे लागते, आणि अनेक जण ते पूर्ण करीत नाहीत.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचाही ज्याच्या स्थापनेत सहभाग होता त्या डीएनडीआय या २००३ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या ना-नफा उपक्रमाने नोव्हार्टिसबरोबर एलएक्सई४०८ हे तोंडाने घेण्याचे औषध चाचणीपर्यंत आणले आहे. ते परजीवीतील नको असलेली प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेवर घाव घालते आणि लिशमेनियासारख्या परजीवींना डोळ्यांसमोर ठेवूनच घडवले गेले आहे. ते यशस्वी ठरले तर युरिया स्टिबामाइन आणि स्टिबोग्लुकोनेट यांच्यानंतर खास याच रोग्यांसाठी निघालेले ते पहिले मोठे औषध असेल. तोपर्यंत बिहारच्या सरकारी रुग्णालयात काला आजाराच्या रोग्याला पहिल्यांदा दिली जाणारी औषधाची कुपी दानातून आलेली आहे, आणि दानाचा करार मुदतीचा असतो.